मुलांसाठी हॉकी स्टिक घेताय? आधी दांडा बघा, मग रंग

नवी स्टिक घरी आली त्या रात्री आमची लेक ती उशाशी घेऊन झोपली. तेविसाव्या दिवशी मैदानावरून परतली तेव्हा तिच्या हातात त्याच स्टिकचे दोन तुकडे होते. शाळेच्या संघाची निवड चाचणी पाच दिवसांवर आली होती. आम्ही राहतो रायपूरच्या शंकर नगरमध्ये. त्या संध्याकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही.

चूक तिची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती. चूक आमची होती. आम्ही रंग पाहिला, स्टिकवरचे स्टिकर पाहिले आणि ‘सगळ्यात भारी दाखवा’ म्हणालो. तुम्ही या चुकीतून वाचावं, म्हणून हे सगळं लिहितेय.

हॉकीची माती आपल्या दारातच

छत्तीसगडला हॉकी नवी नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सुवर्णसंघातले लेस्ली क्लॉडियस 1927 साली बिलासपूरला जन्मले. ऑलिम्पिकमध्ये त्यांनी तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. दुर्गची सबा अंजुम भारताची कर्णधार झाली आणि 2015 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. राजनांदगावची रेणुका यादव 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळली. 2015 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तर वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा आपल्या रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियममध्येच झाली. तिथे नेदरलँड्सशी 5-5 अशी बरोबरी झाल्यावर भारतानं शूटआउटमध्ये कांस्यपदक जिंकलं. तेव्हा तुमच्या घरातल्या कुणी हॉकीचा हट्ट धरला, तर नवल वाटून घेऊ नका.

आणि पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले आठवा. मोडक्या स्टिक बांधून ते खेळायला शिकले आणि पुढे चार ऑलिम्पिक खेळले. खेळ महागड्या स्टिकनं येत नाही. पण चुकीच्या स्टिकनं मुलांचं मन मात्र उतरतं.

पातं बदलता येत नाही

बर्फावरच्या हॉकीत दांडा वेगळा आणि पातं वेगळं अशीही स्टिक मिळते. पातं तुटलं की तेवढंच बदलायचं. आपल्या मैदानी हॉकीत तशी सोय नाही. दांडा आणि खालचं वळण, ज्याला खेळाडू ‘हेड’ म्हणतात, हे एकसंध असतं. एक गेलं की दुसरंही गेलं. म्हणून घेतानाच दोन्ही नीट पाहून घ्यायचं.

लाकडी की कंपोझिट?

लाकडी स्टिकमध्ये तुतीचं लाकूड वापरतात. ते चिवट असतं आणि वाफेवर छान वाकतं. आपल्याकडचं आखूड, घट्ट वळणाचं हेड या लाकडामुळेच शक्य झालं. जालंधर आणि मेरठ ही या कामाची मोठी गावं. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे हा धंदा उभा केला.

कंपोझिट स्टिक म्हणजे कार्बन, फायबरग्लास आणि अ‍ॅरामिड यांचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेली स्टिक. तिघांचे स्वभाव वेगळे:

• कार्बन: कडक. फटका जोरात जातो, पण चेंडू चुकीच्या जागी लागला तर हाताला झिणझिण्या येतात. बाजूनं दुसऱ्या स्टिकचा दणका बसला की तडा जाण्याची भीती जास्त.
• फायबरग्लास: थोडा लवचीक. मार सोसतो, चेंडू हाताळायला सोपा.
• अ‍ॅरामिड: दणक्याची थरथर शोषून घेतो.

शिकाऊ मुलासाठी लाकडी किंवा कमी कार्बनची, फायबरग्लास जास्त असलेली स्टिक घ्या. 90 टक्के कार्बन हा मोठ्या, ताकदीच्या खेळाडूंचा मामला. आम्ही तीच घेतली होती, शिवाय तिच्या उंचीला दोन इंच लांब!

माप घरीच घ्या

मुलाला सरळ उभं करा आणि स्टिक पायाशेजारी टेकवा. वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं की माप बरोबर. साधारण 4 फुटांपर्यंतच्या मुलांना 28 ते 30 इंच, 5 फुटांच्या आसपास 35 इंच आणि साडेपाच फुटांच्या पुढे 36.5 इंच चालते. ‘वाढत्या अंगाचा आहे, मोठीच घेऊ’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक, स्टिकला नाही. लांब स्टिक मुलाला आवरत नाही, ती जमिनीवर आपटते आणि टोक झिजतं.

स्पर्धेसाठी नियमही लक्षात ठेवा. स्टिक 51 मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून जायला हवी. वजन 737 ग्रॅमपेक्षा जास्त नको, लांबी 105 सेंटीमीटरच्या आत हवी आणि दांड्याची कमान 25 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शिकणाऱ्यांना मधोमध हलकी कमान पुरे. हेडजवळ खोल कमान ड्रॅग फ्लिक मारणाऱ्यांसाठी असते. आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक शोधत फिरू नका. हॉकीत सगळ्यांची सपाट बाजू डावीकडेच असते.

दुकानात पाच मिनिटं द्या

1. लाकडी स्टिकच्या रेषा पाहा. हेडच्या वळणावर त्या वळणासोबतच फिरायला हव्यात. मध्येच तुटलेल्या दिसल्या, तर फळी तिथेच फुटणार.
2. कंपोझिट स्टिकच्या दांड्यावर नाण्यानं वरपासून खालपर्यंत हलकं टकटक करा. आवाज सारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी अचानक बद्द झाला, तर आतले थर सुटलेले असू शकतात.
3. हेड आणि दांडा जिथे मिळतात त्या भागावरून बोट फिरवा. केसासारखी रेघ, फुगवटा किंवा खड्डा लागला तर ती परत ठेवा.
4. स्टिक कानाजवळ हलवून पाहा. आत काही खुळखुळलं तर नको.
5. दोन्ही हातांनी धरून मुलालाच फिरवायला द्या. मनगट दुखतं म्हणाला तर हलकी दाखवायला सांगा.

स्टिक मारते ती ऊन आणि मुरूम

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. बंद गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली कंपोझिट स्टिक तापते आणि रेझिन कमजोर होतं. ती घरात, सावलीत ठेवा. लाकडी स्टिकचा शत्रू पाणी. पावसात भिजली तर लगेच पुसा आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही.

दुसरा शत्रू मुरमाचं मैदान. ओल्या टर्फवर गुळगुळीत सरकणारी स्टिक मुरमावर किसणीवर घासल्यासारखी झिजते. सरावासाठी जुनी लाकडी स्टिक आणि टर्फसाठी चांगली, अशी विभागणी जमली तर उत्तम. एकच असेल तर हेडच्या खालच्या कडेला चिकटपट्टी लावा आणि फाटली की बदला. मात्र पट्टीसकट स्टिक कड्यातून जायला हवी.

बारीक ओरखडे चालतात. पण धागे बाहेर आले, कडा धारदार झाली किंवा तडा दांड्याभोवती फिरू लागला, तर ती स्टिक लगेच बाजूला काढा. इथे पैशांपेक्षा दुसऱ्याच्या मुलाचा डोळा आणि पाय मोलाचा आहे. आणि हो, बजेट कमी असेल तर स्टिक साधी घ्या, पण शिनगार्ड आणि दातांचं माउथगार्ड सोडू नका.

आमच्या लेकीचं पुढे काय झालं? चाचणीला ती मैत्रिणीच्या ताईची जुनी, घासलेली फायबरग्लासची स्टिक घेऊन गेली. त्या वर्षी तिची निवड झाली नाही. स्टिकमुळेच झाली नाही, असं मी म्हणणार नाही. पण घरी येताना ती एवढंच म्हणाली, “आई, ही स्टिक माझं ऐकते.”

पुढची स्टिक आम्ही तिच्या मापाची घेतली, पहिलीच्या निम्म्याहून कमी पैशांत. आता तिचा दुसरा हंगाम चालू आहे. टोकाची पट्टी दर रविवारी ती स्वतःच बदलते.