बॅकअप घेतला, पण परत येतो का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने एक फोल्डर पुसण्याची आज्ञा चुकीच्या सर्व्हरवर दिली. पुसायचे होते दुय्यम सर्व्हरवरचे, पुसले जाऊ लागले मुख्य डेटाबेसचे. चूक ध्यानात येऊन त्याने आज्ञा थांबवली, तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात अशी ही कंपनी. तिच्याकडे बॅकअप नव्हता असे मुळीच नाही. बॅकअप आणि प्रतिकृती मिळून पाच व्यवस्था होत्या, आणि ऐन वेळी त्यातली एकही धडपणे कामाला आली नाही.

ही घटना मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण बॅकअपबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज त्या एका रात्रीत सापडतात.

गैरसमज: रोज आपोआप बॅकअप होतो, म्हणजे तो आहेच.

गिटलॅबमध्ये रोज डेटाबेसची प्रत काढून दूरच्या साठवणीत ठेवण्याची सोय होती. पण डेटाबेस होता ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम चालत होता ९.२ चा. आवृत्त्या जुळत नसल्याने प्रत निघतच नव्हती. साठवणीची जागा उघडून पाहिली, तर ती रिकामी. मग कोणाला कळले कसे नाही? अपयशाची सूचना ईमेलने जात होती, पण त्या मेलवर आवश्यक ती प्रमाणीकरणाची खूण नसल्यामुळे घेणारा सर्व्हर त्या नाकारत होता. म्हणजे बॅकअप बंद आणि तो बंद असल्याची बातमीही बंद.

आपल्या दुकानात, सीएच्या कार्यालयात किंवा सोसायटीच्या ऑफिसात याहून वेगळे काही घडत नाही. बाह्य हार्ड डिस्क भरलेली असते, नाहीतर पासवर्ड बदलल्यापासून शेड्यूल अडकलेले असते. तक्रार आली नाही, म्हणजे सगळे सुरळीत आहे असे आपण धरून चालतो. म्हणून पहिली तपासणी अगदी साधी: बॅकअपचे फोल्डर स्वतः उघडा, शेवटच्या फाइलची तारीख आणि आकार पाहा. कालपर्यंत दोन जीबीची असलेली फाइल आज १२ केबीची दिसली, तर त्या आकड्यातच सगळे आले.

गैरसमज: 'व्हेरिफाय' यशस्वी झाले, म्हणजे काम झाले.

इथे जरा थांबायला हवे, कारण या शब्दाने भलेभले निर्धास्त होतात. तपासणीच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे फाइल वाचता येते का. दुसरी, ती मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का. यासाठी चेकसम वापरतात. शा-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा निघतो, आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. विंडोजमध्ये असा ठसा काढणारी 'सर्टयुटिल' ही आज्ञा आधीपासूनच असते. बॅकअप घेताना ठसा लिहून ठेवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढून पाहिला, की डिस्कवर पडल्या पडल्या फाइल खराब झाली का ते कळते.

पण चेकसम प्रामाणिक असला तरी त्याला अर्थ कळत नाही. मूळ फाइलच बिघडलेली असेल, तर बिघडलेल्या फाइलची बिनचूक प्रत झाल्याचे तो सांगेल. चालू असलेल्या डेटाबेसची फाइल तशीच उचलून कॉपी केली, तर अर्धी नोंद जुनी आणि अर्धी नवी अशी प्रत तयार होऊ शकते. तिचा ठसाही जुळेल. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप पूर्ण आणि वाचण्याजोगा आहे का हे पाहणारी आज्ञा आहे. आतल्या डेटाची रचना ती तपासत नाही, हे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिले आहे. त्यापुढची पायरी एकच: बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून उघडून पाहणे.

घरचे सोयाबीन बियाणे पेरण्याआधी शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. ७० तरी उगवले, तर ते पेरणीलायक. पोते भरलेले आहे, दाणा टपोरा आहे, एवढ्यावर तो पेरायला जात नाही. बॅकअपचेही तसेच करावे. शक्यतो दुसऱ्या संगणकावर एक जुनी, एक कालची आणि एक भली मोठी फाइल परत आणावी आणि उघडावी. फोटो शेवटपर्यंत दिसतो का, एक्सेलमधल्या बेरजा येतात का, हे पाहावे. टॅलीचा बॅकअप असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटचा व्हाउचर क्रमांक आणि ट्रायल बॅलन्स चालू हिशेबाशी ताडावा. चालू डेटाच्या फोल्डरवर चाचणी कधीच करू नये. तपासायला जाऊन कालचा डेटा आजच्यावर चढायचा.

गैरसमज: फोटो क्लाउडवर आहेत, आता काळजी नाही.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखे ठेवणे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला, तर तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि मग कायमचा जातो. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणाऱ्या रेडचेही तेच. ते डिस्क बिघडण्यापासून वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. आणि सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. बॅकअप झाला की ती काढून दुसरीकडे ठेवावी. पूर आला तर एकाच टेबलाच्या खणातले सगळे एकदमच भिजते.

कुलूपबंद बॅकअपची किल्लीही तपासायची असते. व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की लावता येते. ती हरवली तर तो बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही. आई-वडिलांच्या फोनवर ही सोय कोणी चालू करून दिली असेल, तर ती की कुठे लिहून ठेवली आहे हे आजच विचारा.

गैरसमज: डेटा आहे ना, मग तासाभरात परत येईल.

हिशेब करून पाहू. सेकंदाला १०० एमबी वेगाने एक टीबी डेटा उतरवायला पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तोच डेटा ५० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून आणायचा तर, जोडणी एकदाही तुटली नाही असे धरूनही, जवळजवळ ४४ तास लागतात. जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख उद्या असेल, तर क्लाउडवर शाबूत असलेला बॅकअपही उशिराच पोहोचेल. म्हणून चाचणीच्या वेळी घड्याळ लावावे आणि लागलेला वेळ तारखेसह वहीत लिहावा.

गिटलॅब वाचले ते योगायोगाने. घटनेच्या सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी स्वतःहून एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसची त्या क्षणाची प्रत, घेतला होता. तो जिथे ठेवला होता तिथल्या डिस्क मंद होत्या, डेटा परत यायला तासन्‌तास लागले. सेवा सुमारे १८ तास बंद राहिली. लोकांचा कोड वाचला, पण मधल्या सहा तासांतले अंदाजे ५,००० प्रकल्पांचे तपशील, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीने दुरुस्तीचे काम जगासमोर थेट प्रक्षेपित केले आणि नंतर काय चुकले ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. पुढे करायच्या कामांच्या त्यांच्या यादीत बॅकअप परत आणून पाहण्याची स्वयंचलित चाचणी होती, आणि डेटा शाबूत राहण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे देणे हेही होते. तोपर्यंत ते काम कोणा एकाचे नव्हते.