रंगापेक्षा घासाई घातक

नगरचे रणगाडा संग्रहालय पाहायला गेलेल्यांना तिथली रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट ही चिलखती गाडी आठवत असेल. पहिल्या महायुद्धात या जातीच्या गाड्या रणांगणावर धावल्या. १९९४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ यांमुळे गाड्यांचे वेड या शहराला नवे नाही. आजोबांची फियाट, वाड्याच्या मागे पडून असलेली जीप, गोठ्याशेजारची अॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौसही त्यातलीच. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. त्यामुळे या हौसेला कायद्याचा आधारही मिळाला.

अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की मालकाचे प्रश्न ठरलेले असतात. रंग कोणता, खर्च किती, गाडी कधी मिळणार? प्रत्यक्ष रंग मारण्याचे काम दिवस-दोन दिवसांचे असते. त्याआधीची तयारी मात्र कित्येक आठवडे चालते. जुना रंग उतरवायचा, गंज काढायचा, पोचे सरळ करायचे, लांबी भरायची, ती घासायची, प्रायमर मारायचा आणि पुन्हा घासायचे. रंगाची चमक या घासाईवर ठरते, हे प्रत्येक पेंटर जाणतो. त्याची स्वतःची तब्येतही याच आठवड्यांत ठरते, याची जाणीव मात्र कमी जणांना असते.

जुन्या थरातले शिसे

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. पत्रा गंजू नये म्हणून खाली दिल्या जाणाऱ्या थरातही शिसे असे. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आणि तेच गंजरोधक म्हणून लोखंडाला फासले जाई. प्लास्टिकची लांबी येण्यापूर्वी पत्र्याचे सांधे आणि खड्डे शिसे व कथिलाचा मिश्रधातू वितळवून भरत. अशा सांध्यावर ग्राइंडर फिरला, की थेट शिशाचीच धूळ उडते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या गाडीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असतो.

तांबूस दिसणारा प्रत्येक थर शिशाचा असतो असे नाही. रेड ऑक्साइड हे लोखंडाचे संयुग आहे. परंतु नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. म्हणून जुन्या गाडीचा प्रत्येक थर शिशाचा आहे असे धरूनच काम करावे. ब्लोलॅम्पने रंग जाळून काढणे तर अजिबात टाळावे, कारण शिशाचा धूर धुळीपेक्षाही सहज रक्तात उतरतो.

शिशाची विषबाधा सावकाश होते. पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते, अंगात रक्त कमी होते, थकवा येतो, चिडचिड वाढते. रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. जुन्या काळी पेंटर लोकांचे मनगट लुळे पडत असे, तेही शिशामुळेच. पोटदुखीवर गॅसची गोळी आणि थकव्यावर टॉनिक घेत महिने निघून जातात.

खरी चिंता घरातल्या लहान मुलांची आहे. कारागिराच्या कपड्यांवर, केसांत, दुचाकीच्या सीटवर बसून ही धूळ घरी जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत मुलाचे शरीर चार ते पाच पट अधिक शोषून घेते. त्याचा फटका मेंदूच्या वाढीला बसतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीच नाही. ती डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली, तर शिसे कुठून येते हे शोधून ते थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वाळूचा मारा

चासीवरचा गंज काढायला अनेक ठिकाणी वाळूचा मारा करतात. वेगाने आदळलेली वाळू फुटते आणि तिच्यातल्या सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. नाकातले केस आणि घशातला कफ यांना न जुमानता हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. तिथे व्रण तयार होत जातात आणि फुप्फुस घट्ट होते. हाच सिलिकोसिस. त्यावर बरे करणारे औषध नाही. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त असतो. दोन्हींच्या एक्स-रेत सारख्या सावल्या दिसू शकतात. त्यामुळे कामाची माहिती मिळाली नाही, तर डॉक्टरही फसू शकतो.

ब्रिटनच्या कारखान्यांत अशा कामासाठी वाळू वापरण्यास १९४९ मध्येच बंदी आली. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी वाळू मारणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्याचे आढळल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये त्या कामावर बंदी घातली. वाळूऐवजी गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरता येते. वाळूच्या जोरदार माऱ्याने दरवाजा-बोनेटचा पातळ पत्रा वाकडा होतो, तो तोटा वेगळाच.

रिमूव्हर आणि रात्रीचा खोकला

रंग फुगवून काढणाऱ्या काही रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात किंवा बंद शेडच्या तळाशी साचते. श्वासातून ती शरीरात गेली, की यकृतात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत शेगडी पेटवल्याने माणसे दगावतात, तोच हा वायू. हृदयविकार असलेल्याला त्याचा धोका अधिक. हे काम नेहमी उघड्यावरच करावे.

यानंतर लांबी भरणे, घासणे आणि प्रायमर मारणे येते. हल्ली हार्डनर मिसळून वापरायचे ‘टू-के’ प्रायमर आणि क्लिअर कोट रूढ झाले आहेत. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटाची रसायने असतात. भोपाळला १९८४ मध्ये गळालेला वायू याच कुटुंबातला होता. गॅरेजमधले रसायन त्याच्याइतके झटकन उडणारे नाही, पण गनमधून निघालेल्या फवाऱ्यातून ते थेट छातीत जाते. धोकादायक प्रमाणात असतानाही त्याचा वास येत नाही. थिनरचा वास ओसरला म्हणजे हवा स्वच्छ झाली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

या रसायनाने होणारा दमा ओळखणे अवघड असते. महिनोन् महिने, कधी काही वर्षे काहीच होत नाही. मग एके दिवशी शरीर त्याला शत्रू मानू लागते. पुष्कळदा कामाच्या वेळी त्रास होत नाही. संध्याकाळी किंवा मध्यरात्री खोकला सुरू होतो आणि छातीतून घरघर ऐकू येते. चार दिवस गावी गेले की बरे वाटते आणि कामावर परतले की त्रास पुन्हा सुरू होतो. एकदा हा दमा जडला, की शेजारी कोणी गन चालवली तरी झटका येऊ शकतो. दिवसा केलेली फुप्फुसाची तपासणी चांगली येऊ शकते. म्हणून पीक फ्लो मीटरवर दिवसातून चार वेळा फुंकून, कामाचे आणि सुटीचे दिवस धरून साधारण चार आठवडे नोंद ठेवावी लागते. हे मीटर स्वस्त असते आणि निदानाला त्याची मोठी मदत होते.

रुमाल, गूळ आणि दूध

तोंडाला बांधलेला रुमाल डोळ्यांना दिसणारी जाड धूळ अडवतो. घातक कण त्याच्या विणीतून सहज आत जातात. करोनामुळे सर्वांना माहीत झालेला एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला, तर धुळीसाठी उपयोगी पडतो. दाढी वाढलेली असेल तर तो घट्ट बसत नाही. थिनरच्या वाफेपुढे आणि आयसोसायनेटपुढे मात्र एन-९५ कुचकामी आहे. टू-के प्रायमर किंवा क्लिअर कोट फवारताना बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटाच लागतो. फवारणी थांबल्यावर काम कसे झाले ते पाहण्यासाठी तो लगेच वर करू नये, कारण फवारा बराच वेळ हवेत तरंगत असतो.

गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते, दूध प्यायले की रंगाचे विष उतरते, असे समज कारखान्यांपासून गॅरेजपर्यंत सगळीकडे आहेत. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची वाटच वेगळी. दूध चांगले अन्न आहे, पण शिशाचा किंवा हार्डनरचा तो उतारा नव्हे.

काय करता येईल?

जुना रंग शक्यतो पाणी आणि वॉटर पेपरने घासावा. ओला गाळ वाळला की त्याचीच धूळ होते. म्हणून झाडू न मारता तो फडक्याने पुसून पिशवीत भरावा, नालीत सोडू नये. उघड्या पत्र्यावर आणि लांबीवर मात्र पाणी चालत नाही. पत्रा लगेच गंजतो आणि लांबी पाणी पिऊन पुढे रंगाखाली फोड आणते. तिथे धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूम जोडलेला सँडर वापरावा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकू नयेत आणि थिनरने हात धुऊ नयेत. साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय चहा, तंबाखू, बिडीला हात लावू नये. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

१९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा, सिलिकोसिस आणि आयसोसायनेटची विषबाधा हे सरकारला कळवण्याचे रोग ठरवले. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असले, तरच तो लागू होई. पेंटर, डेंटर आणि हाताखालचा एक पोरगा एवढ्यांवर चालणारे गॅरेज त्यात कधी आलेच नाही. म्हणून इथे गाडीमालकाची जबाबदारी येते. गाडीच्या रंगावर लाखभर खर्च करणाऱ्याने मुखवटा आणि व्हॅक्यूम सँडरची मागणी करावी, त्याचे पैसे बिलात आनंदाने द्यावेत आणि ‘चार दिवसांत गाडी द्या’ हा धोशा लावू नये.

इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. पेंटर लोकांच्या व्याधीही त्यात आहेत. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. दवाखान्यातल्या गर्दीत हा प्रश्न आजही राहून जातो. तो राहिला, तर रोग्यानेच सांगावे, ‘डॉक्टर, मी गाड्या घासतो. खोकला रात्री येतो आणि सुटीत थांबतो.’ या दोन वाक्यांनी निदानाचे निम्मे काम होते. रक्तातल्या शिशाची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत होत नाही, ती मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते. जुना रंग उतरवणाऱ्याच्या घरी लहान मूल असेल, तर त्या मुलाच्या तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारावे.