बसतो, पण चालत नाही

भिलाईहून एका वाचकांनी विचारलं आहे : २०१६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे, एच-११० मदरबोर्ड, आय-थ्री ६१०० प्रोसेसर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो म्हणे. इथल्या सुपेला बाजारात तसा जुना आय-फाइव्ह मिळतोय. दोन्हींचं सॉकेट ११५१ चंच. घेऊन टाकू का?

नका घेऊ. तो सॉकेटमध्ये नीट बसेल, पण संगणक सुरू होणार नाही.

पिना दोन्हीकडे ११५१ च आहेत, त्यांची कामं मात्र बदलली आहेत. आठव्या पिढीत या वर्गाच्या चिपमध्ये चाराऐवजी सहा कोर आले. त्यांना वीज जास्त हवी, म्हणून कोरला वीज पुरवणाऱ्या पिना १२८ वरून १४६ झाल्या. त्यासाठी पूर्वी राखून ठेवलेल्या काही पिना वापरात आल्या. इथपर्यंत इंटेलचं म्हणणं पटतं. पण त्याच पिढीतल्या आय-थ्री ८१०० ला चारच कोर आहेत, मर्यादा ६५ वॉटची, म्हणजे सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह ७५०० इतकीच. मग जुन्या बोर्डाला तो तरी का चालू नये? हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून, एकदोन संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावून अशा चिपा जुन्या बोर्डांवर चालवून दाखवल्या. तेव्हा अडचण थोडी विजेची आणि बरीचशी मर्जीची, असं मी तरी म्हणेन.

ही मर्जी जुनी आहे आणि तिच्या गोष्टीत आपल्याकडची दोन माणसं आहेत. इंटेलच्या १९९३ च्या पेंटियमचं नाव निघालं की पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण पेंटियमच्या आराखड्याचं नेतृत्व करणारे अवतार सैनी किती जणांना आठवतात? माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शिकलेले सैनी १९८२ मध्ये इंटेलमध्ये गेले, ३८६ आणि ४८६ वरही त्यांनी काम केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेनं ते गेले, तेव्हा बातम्यांमुळे अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

धाम यांचं पुढचं पाऊल तर फारच मजेदार. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी लवकरच इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीनं विकत घेतली. तिथं तयार होत असलेली चिप पेंटियमच्या सॉकेटमध्ये बसणारी नव्हती. ती बसेल अशी बेतून घेतली आणि १९९७ मध्ये के-६ नावानं बाजारात आली. पेंटियमवाल्या माणसाची नवी चिप, आणि तीही पेंटियमच्याच सॉकेट ७ मध्ये! जुना बोर्ड तसाच ठेवून, त्याचा व्होल्टेज आणि बायोस जुळत असेल तर, ग्राहक प्रतिस्पर्ध्याचा प्रोसेसर लावू शकत होता. त्याच वर्षी इंटेलनं पेंटियम टू काढला, तो सॉकेट सोडून स्लॉटमध्ये. तिथं एएमडीला जागा नव्हती. तेव्हापासून दोघांचे रस्ते वेगळे.

आता तुमच्या डब्याकडे. यात सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह ६५०० किंवा आय-सेव्हन ६७०० सहसा विनातक्रार चालतात. सातव्या पिढीचा हवा असेल तर आधी बायोस अपडेट करा, तोही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच आणि यूपीएस लावून. नावापुढे 'के' असलेल्या ९१ वॉटच्या चिपा मात्र साध्या एच-११० वर नकोत, भिलाईच्या मे महिन्यात तर नकोतच. यातल्या कशानंही विंडोज ११ अधिकृतपणे येणार नाही, हे धरूनच पैसे मोजा.

आणि संगणक हळू चालतो म्हणूनही प्रोसेसर बदलायचा असेल, तर तो हळू चालतो तो प्रोसेसरमुळेच का? तुमच्या गावच्या पोलाद कारखान्यात २०१८ मध्ये आठ नंबरची महामाया भट्टी पेटली, ४,०६० घनमीटरची. तिच्या वितळलेल्या लोखंडाचं पोलाद करायला नवं स्टील मेल्टिंग शॉपही त्याच विस्तारात उभारावं लागलं, नाहीतर एवढं लोखंड ओतणार कुठे? संगणकात अशी अडलेली जागा बहुधा जुनी हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके पडतात, आणि हव्या त्या माहितीची वाट बघत त्यातले बरेच वाया जातात. म्हणून आधी एसएसडी लावा, रॅम चार जीबी असेल तर आठ करा आणि महिनाभर वापरून पाहा.

त्यानंतरही चारपाच कामं एकदम उघडल्यावर अडखळला, तर ६५०० शोधा. दुकानदाराला तो चालवून दाखवायला सांगा. बसवताना सॉकेटला बोट लावू नका : या जातीत पिना चिपला नसून बोर्डाला असतात, आणि एक वाकली की चिप शाबूत राहून बोर्ड जातो.