निवृत्तीची वाट कशाला पाहायची?

“रिटायर झालो की मनासारखं जगू,” असे मुदत ठेवीचा फॉर्म भरताना अनेक खातेदार म्हणतात. तुम्हीही म्हणत असाल, तर चंदीगडचे रॉक गार्डन एकदा पाहा.

नेकचंद सैनी येथे रोड इन्स्पेक्टर होते. नोकरी न सोडता, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कामाची वेळ संपली की ते सुखना तलावाजवळच्या झाडीत फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाइल्सपासून मूर्ती घडवत. जागा सरकारी, म्हणून सारे गुपचूप. १९७५ च्या सुमारास ते उघडकीस आले. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि तेच काम त्यांची पगारी नोकरी झाले. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते.

तुमची संध्याकाळ तुमची राहायची असेल, तर घरखर्च ओव्हरटाइमवर अवलंबून नको. महिन्याला २५,००० रुपये लागत असतील, तर सहा महिन्यांचे दीड लाख बाजूला हवेत. दरमहा ४,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा. तीन वर्षांत मुद्दलच १,४४,००० होते, व्याज वेगळे. ही रक्कम हाताशी असली, की जादा कामाला नाही म्हणता येते. थोड्या कमी पगाराची पण मनाजोगती नोकरीही स्वीकारता येते.

मात्र त्यासाठी पीएफ मोडू नका. तो म्हातारपणासाठी आहे. आजच्या समाधानासाठी ही छोटी ठेव वेगळी ठेवा.