द्यूतप्रतिपदा आणि वयाचा उंबरठा

कार्तिक शुद्ध प्रतिपदा हा बळीराजाच्या पूजनाचा, पाडव्याच्या ओवाळणीचा आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वहीचा दिवस. साडेतीन मुहूर्तांत ज्याची गणना होते, अशा या पवित्र तिथीस द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. शिवपार्वती या दिवशी द्यूत खेळली आणि त्यात पार्वतीमातेची सरशी झाली, ही पुराणकथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकत आलो आहोत. या कथेचा आधार घेऊन दिवाळीत चार डाव टाकण्याची चाल अनेक घरांत पडली. त्या चालीआडून आज घरात शिरू पाहणाऱ्या एका संकटाचा विचार याच दिवशी करावा, असे आम्हांस वाटते.

एका तिथीची मुभा

जी गोष्ट वर्षभर करावयास मोकळीक असते, तिच्यासाठी निराळी तिथी नेमावी लागत नाही. द्यूताला एक दिवस दिला, यातच उरलेल्या दिवसांचा निषेध आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे खेळून दैन्यास पोहोचलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. त्याची पत्नी दुरावते, आप्त ओळख नाकारतात, आणि अखेर फासे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश त्यास मिळतो. राजाने द्यूत राज्यातून घालवावे, असे मनुस्मृती सांगते. कौटिल्याने मात्र द्यूताध्यक्ष नेमून, खेळ एकाच ठिकाणी चालवून, जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ घ्यावेत, अशी व्यवस्था सांगितली. बंदी असावी की नियंत्रण, हा वाद असा फार जुना आहे.

कायद्याची रेषा

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्याच्या एका खटल्यात याच प्राचीन वचनांचा आधार घेतला आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. जुगार हा विषय घटनेच्या राज्यसूचीत असल्याने प्रांतोप्रांतीचे नियम भिन्न आहेत. महाराष्ट्रात १८८७ चा प्रतिबंधक कायदा आहे. येथे १९७६ साली कॅसिनोंसाठीही एक कायदा करण्यात आला होता; तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोमंतकात मात्र १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेले व मांडवीतील जहाजे यांवर कॅसिनो आले. तेथे २१ वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही.

आपल्याकडे सज्ञानतेचे वय १८; कॅसिनोच्या दाराशी ते २१. हा फरक विचार करण्याजोगा आहे. मतदान करणारा, विवाहयोग्य होऊ लागलेला तरुणही या मोहापुढे अपक्व असू शकतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. इतर देशांचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीसाठी १६ वर्षांची मर्यादा होती, ती २०२१ मध्ये १८ करण्यात आली. पुढे २०२५ मध्ये तेथे संगणकीय जुगारयंत्रांवरील एका डावाची कमाल रक्कम ठरविताना २५ वर्षे व त्यावरील लोकांस ५ पौंड, तर १८ ते २४ वयाच्या तरुणांस २ पौंड अशी मर्यादा घालण्यात आली. बेल्जियमने २०२४ मध्ये लॉटरी वगळता जुगाराचे किमान वय २१ केले.

परंतु ज्या काळी जुगाराला दार होते, त्या काळी दारावर वय विचारता येत असे. मोबाइलला दार नाही. ‘माझे वय १८ पूर्ण आहे’ या ओळीपुढे खूण केली की प्रवेश, अशी स्थिती आपण पाहिली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ हा जुना भेद त्यात ठेवलेला नाही. शिक्षा आहे ती असे खेळ चालविणाऱ्यास, त्यांची जाहिरात करणाऱ्यास आणि पैशांची वाट मोकळी करून देणाऱ्यास. खेळणाऱ्यास या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून आपला मुलगा यात सापडला आहे असे कळल्यास भयाने अथवा लाजेने ते दडवून ठेवण्याचे कारण नाही.

अनुद्यूताचा धडा

कायदा कितीही चोख असला तरी तो वय पाहतो, मन पाहत नाही. द्यूतसभेत बसलेला धर्मराज अजाण बालक नव्हता. त्याने राज्य, बंधू, स्वतःस आणि अखेर द्रौपदीस पणास लावले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढील प्रसंगाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. धृतराष्ट्राने हरलेले सर्व काही परत केले होते. पांडव परत निघालेही होते. तरी पुन्हा बोलावणे येताच युधिष्ठिर फिरला, दुसऱ्यांदा फाशांपुढे बसला आणि वनवास पदरी आला.

आजही हेच घडते. मुलाचे कर्ज आईचे दागिने मोडून एकदा फेडले जाते, शपथा घेतल्या जातात, आणि काही महिन्यांत नवे कर्ज उभे राहते. हरलेले परत मिळवावे ही ओढच या व्याधीचे मूळ आहे. तिला हाती आलेला पैसा आवरू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जुगाराच्या अनावर ओढीची गणना विकारांत केली आहे. विकाराला उपदेशासोबत उपचार लागतो.

दमयंतीची दूरदृष्टी

नळराजाला द्यूतापासून परावृत्त करणे दमयंतीस साधले नाही. सर्वस्व जाणार हे दिसताच तिने दोन्ही मुलांना सारथी वार्ष्णेयाबरोबर विदर्भात, कुंडिनपुरास माहेरी धाडले. जे वाचविता येईल ते तिने आधी वाचविले. घरातील माउलीने, पित्याने हाच मार्ग धरावा. तरुण मुलगा रात्री जागू लागला, कारणाशिवाय चिडू लागला, मित्रांकडे उसने मागू लागला, वस्तू नाहीशा होऊ लागल्या, तर प्रथम घरचे पैसे, दागिने व बँकेचे व्यवहार सुरक्षित करावेत. कर्ज फेडावयाचे झाल्यास रक्कम त्याच्या हाती न देता सावकारास द्यावी, आणि त्याच वेळी वैद्यकीय साहाय्य सुरू करावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला मिळतो.

नळाने अखेर फाशांनीच राज्य परत जिंकले, असे कोणी म्हणेल. हरलेला जुगारी नेमका हाच शेवट डोळ्यांपुढे ठेवतो. कथेत मात्र नळाच्या अंगातील कली आधी बाहेर पडला. राज्य त्यानंतर आले.

पाडव्याच्या संध्याकाळी सारीपाट जरूर मांडावा, कवड्या टाकाव्यात, आजीने नातवाला हरवावे. पैसा मात्र पटाजवळ येऊ नये. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाशी त्याच पटाभोवती मोकळेपणाने बोलावे, आणि काही चुकलेच तर रागाच्या भयाशिवाय घरी सांगता येईल, हा विश्वास त्यास द्यावा. बळीराजाने सर्वस्व दिले ते दानात, म्हणून त्याचे राज्य यावे असे आपण आजही म्हणतो. आमच्या सर्व वाचकांच्या घरची इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो!