ओढ्याने केलेल्या पायऱ्या

कोकणातल्या एखाद्या ओढ्यापासून डोंगराकडे चालू लागलो, तर काठची जमीन कधी कधी पायरी-पायरीने चढलेली दिसते. शेतकऱ्याने बांध घालून केलेल्या चोंढ्यांबद्दल आपण बोलत नाही. ओढा पात्र खोल कोरत जातो, तेव्हा पूर्वी पुराखाली जाणारा काठ वर कोरडा राहतो, तीच पायरी. म्हणजे वरची पायरी जुनी, खालची नवी. खडकांच्या थरांत याच्या उलट असते, म्हणून विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.

खालच्या पायरीवर पुराचा ताजा गाळ पडतो. खणल्यास रेतीचे आणि बारीक गाळाचे पट्टे दिसतात. भातानंतर उरलेल्या ओलीवर इथे वाल, चवळी येते.

वरच्या पायरीला गाळ मिळत नाही. पाऊस मात्र तेवढाच, वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर! हे पाणी मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश विरघळवून नेते व माती आम्ल होते. लोह मागे उरते, त्याची ऑक्साइडे होऊन माती तांबडी दिसते. चिकणमातीचे कण झिरपत खाली जाऊन साठतात. शेतकऱ्याला खरी झळ लागते ती स्फुरदाची: लोह आणि ॲल्युमिनियम त्याला इतके घट्ट धरून ठेवतात, की घातलेल्या खतातला थोडाच भाग पिकाला मिळतो.

म्हणून माती तपासायला पाठवताना दोन्ही पायऱ्यांचे नमुने वेगळे बांधावेत. एकत्र मिसळले, तर अहवालात येणारा सामू कोणत्याच पायरीचा नसतो.