निळ्या छापासाठी कुठला दिवा?

जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइपची कृती मांडली, तेव्हा दिव्याचा प्रश्नच नव्हता. ऊन पडलं की छापायचं, नाही तर थांबायचं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात असं थांबलं तर छंद पार बासनात जाईल. ढगांतूनही अतिनील किरण येतात, पण त्यांचा भरवसा नाही: आज दहा मिनिटं पुरली, तर उद्या अर्धा तास लागेल. म्हणून दिवा हवा; पण ‘यूव्ही’ लिहिलेला कुठलाही नव्हे.

फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लावून वाळवलेला कागद पिवळट-हिरवा दिसतो. अतिनील किरणांनी त्यातल्या फेरिक लोहाचं फेरस होतं आणि फेरिसायनाइडशी मिळून प्रशियन ब्लू बनतो. साधारण ३५० ते ३८० नॅनोमीटरचे किरण हे काम झपाट्याने करतात. ४०० च्या पुढे वेग मंदावतो.

घरच्या वॉटर प्युरिफायरमधला दिवा २५४ नॅनोमीटरचा. तो जंतू मारतो, डोळे आणि कातडीही भाजतो, आणि निगेटिव्हवर दाबून ठेवलेल्या काचेतून पलीकडे पोचतच नाही. त्याच्या वाटेला जाऊ नये. मिठाईच्या दुकानात माश्यांसाठी लावतात ती फिकट निळी ट्यूब मात्र कामाची, कारण तिचा भर ३६५ च्या आसपास असतो. पार्टीतली गडद जांभळी ट्यूबही त्याच जातीची. तिची काच दिसणारा उजेड अडवते एवढंच. छपाईला त्याचा काही उपयोग नाही, उगाच जास्त पैसे का मोजायचे?

एलईडी पट्ट्या स्वस्त आणि सुटसुटीत, पण स्वस्तातली पट्टी बहुधा ३९५ ते ४०५ ची निघते. छाप उमटतो, वेळ जास्त लागतो. नवशिक्याने माझ्या मते ट्यूबांचीच पेटी करावी. ट्यूबा जवळजवळ बसवाव्यात आणि कागद त्यांच्यापासून निदान त्यांच्यातल्या अंतराइतका तरी लांब ठेवावा, नाहीतर छापावर पट्टे उठतात. पेटीला झाकण हवंच. चालू ट्यूबांकडे बघत बसू नये.

खरी गोम निगेटिव्हमध्ये आहे. इंकजेट प्रिंटरची शाई डोळ्यांना काळीकुट्ट दिसली तरी अतिनील किरण किती अडवेल हे तिच्या रंगावरून कळत नाही. शिवाय ३६५ ला ती जितकी अडवते तितकीच ३९५ ला अडवेल असंही नाही. दिवा बदलला की जुन्या निगेटिव्हचा छाप कधी भडक येतो, कधी फिका. म्हणून नव्या दिव्याखाली आधी चाचणीपट्टी काढावी: कागदावरचा पुठ्ठा दर दोन मिनिटांनी बोटभर सरकवायचा.

जास्त वेळ मिळालेला भाग निळा न दिसता राखाडी पडतो. तो वाया गेला असं समजून फेकू नका. धुऊन वाळवल्यावर हवेने त्याचा निळा परततो, आणि धीर नसेल तर धुण्याच्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की लगेच.